तंटा मिटला, न्याय झाला काय?

पुसद तालुक्यातील तांड्यांतून नाईक, कारभारी व पंच यांनी बसून तंटा तोडण्याची चाल जुनी आहे. अपराध्याने चूक पदरात घ्यावी, नुकसान भरून द्यावे आणि पुन्हा आपल्या माणसांत नांदावे, हे तिच्यातील उत्तम तत्त्व होय. परंतु एवढ्यावरून ‘कोर्टकचेरी कशास? सारे गावावर सोपवा’ असा जो सिद्धांत काढण्यात येतो, तो आम्हांस साफ अमान्य आहे.

२००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू स्तुत्य होता. पण तंटामुक्त ठरणाऱ्या गावास बक्षीस मिळू लागले की पंचांची दृष्टी न्यायावरून आकड्यावर जाण्याचा मोह उत्पन्न होतो. मार खाल्लेल्या मजुरास मालकाच्याच ओसरीवर बसवून ‘झाले गेले विसर’ म्हणणे सोपे आहे. उद्या त्याच मालकाच्या शेतात ज्यास राबावयाचे, तो नाही कसा म्हणणार? अशी संमती ही संमतीच नव्हे. पंचामुखी परमेश्वर सदैव वसत असता, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा महाराष्ट्रास करावा लागला नसता.

उलटपक्षी, ‘अपराध राज्याविरुद्ध असतो, शिक्षा झाली की न्याय पुरा झाला’ असे म्हणणाऱ्या कायदेपंडितांसही आमचा सवाल आहे. चोर तुरुंगात गेल्याने विधवेची शेळी दावणीस परत आली काय? १९५८ च्या परिवीक्षा कायद्यान्वये अपराध्यास सोडताना त्याच्याकडून भरपाई देवविता येते. २००८ च्या दुरुस्तीने पीडितांसाठी भरपाई योजना कायद्यात आली. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले की, प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणे न्यायालयाचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही भरपाईची तरतूद कायम आहे. शस्त्रे आहेत, उणीव आहे ती हात उचलण्याची.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. पीडिताची संमती गावाच्या दडपणाबाहेर, न्यायाधीशासमोर घेतली जावी. अपराध्याने अपराध स्वमुखे कबूल करावा. आणि भरपाई हाती पडल्यावाचून प्रकरण मिटले असे कोणी लिहू नये. समेटाच्या बैठकीतून राज्याने उठून जावयाचे नाही; तेथे दुबळ्याच्या पाठीशी उभे राहावयाचे आहे. एरव्ही जे मिटते तो तंटा नव्हे, दुबळ्याचा आवाज होय.