डोळ्यातील कुसळ आणि अर्धवट औषध

भाताची मळणी किंवा उसाची तोडणी चालू असता डोळ्यात कुसळ जाणे, पात्याचा फटका बसणे ही गोष्ट शेतकऱ्यास इतकी परिचयाची आहे की, तिच्यासाठी काम थांबविणे त्यास कमीपणाचे वाटते. पदराच्या टोकाने कुसळ काढले जाते, मागील दुखण्यातील उरलेल्या बाटलीतून दोन थेंब घातले जातात आणि काम पुढे चालू होते. या सवयीत दोन चुका आहेत. विलंब ही पहिली व अर्धवट औषध ही दुसरी. पहिलीची किंमत एका डोळ्यास मोजावी लागते. दुसरीची साऱ्या गावास.

बुबुळावरील पारदर्शक पडदा शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत शिरकाव मिळत नाही. ओरखडा पडला की ही वाट मोकळी होते. जंतू सुटे असतात तोवर औषध त्यांस सहज गाठते. परंतु स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास यांसारखे जंतू पृष्ठभागास चिकटून आपल्याभोवती चिकट द्रव्याचे आवरण तयार करू शकतात. यास जैवपटल म्हणतात. पाटातील दगडावर जमलेला बुळबुळीत थर वरून पाणी वाहिले तरी निघत नाही, तसाच हा प्रकार होय. या आवरणातून औषध आत पोहोचण्यास अडथळा होतो. शिवाय तळाशी असलेले जंतू सुप्तावस्थेत असल्याने त्यांच्यावर औषधाचा परिणाम कमी होतो. म्हणून सुट्या जंतूंना पुरेशी असणारी मात्रा येथे अपुरी पडते.

अपुऱ्या मात्रेचा दुसरा परिणामही शेतकऱ्यास नवा नाही. एकच कीटकनाशक पुनःपुन्हा व कमी प्रमाणात फवारल्यास दुबळी कीड मरते, चिवट तेवढी उरते आणि पुढे तिचीच पैदास वाढते. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात हाच इशारा दिला होता.

मग गावात प्रतिजैविक देऊच नये काय? असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात बुबुळावर ओरखडा पडलेल्या 442 जणांस क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस देण्यात आले. त्याचा अहवाल 2001 साली प्रसिद्ध झाला. इजेनंतर 18 तासांच्या आत मलम मिळालेल्या 284 जणांपैकी एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. 18 ते 24 तासांत आलेल्या 109 पैकी चौघांस, तर 24 ते 48 तासांत आलेल्या 49 पैकी 14 जणांस जंतुसंसर्ग झाला. औषध तेच, मात्रा तीच; फरक केवळ वेळेचा होता.

यावरून खरा विवेक कोणता हे स्पष्ट होते. वेळेवर, ठरावीक दिवस व योग्य मात्रेत दिलेले साधे औषध मोठ्या औषधांची गरज टाळते. उशिरा, अंदाजाने व मध्येच सोडलेले औषध मात्र रोगास बळ देते. शिवाय शेतातील इजेनंतर पुष्कळदा बुरशीचाही संसर्ग होतो. जंतूंवरील प्रतिजैविकांचा तिच्यावर उपयोग होत नाही आणि स्टेरॉइडयुक्त थेंबांनी तर ती अधिकच फोफावते. लाली त्वरित घालविणारे थेंब म्हणून वैद्यकीय सल्ल्याविना हे औषध घेणे म्हणजे डोळा गमावण्याचा धोका पत्करणे होय.

म्हणून ग्रामसेवक व आरोग्य कार्यकर्ते यांनी सुगीपूर्वीच घरोघर पुढील गोष्टी सांगावयास हव्यात. डोळ्यास इजा झाल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. डोळा चोळू नये व स्वच्छ पाण्याखेरीज त्यात काही घालू नये. उरलेली किंवा दुसऱ्याची बाटली वापरू नये. सांगितलेले औषध पूर्ण करावे. वेदना वाढल्यास, दृष्टी अंधुक झाल्यास किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसल्यास विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

एक दिवसाची मजुरी बुडाली तर ती पुन्हा मिळविता येते. बुबुळावर पडलेले फूल मात्र सहसा जात नाही.