शोधयंत्र आणि शब्दांची सचोटी

ग्रंथालयात लक्षावधी ग्रंथ असावेत, परंतु त्यांची सूची मात्र नसावी, तर त्या ग्रंथांचा उपयोग कोणाला? जिज्ञासू वाचक कपाटामागून कपाटे धुंडाळील आणि अखेर रिकाम्या हातांनी परत जाईल. विख्यात ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाया जाऊ देऊ नये, हा त्यांतीलच एक होय. इंटरनेट हे तर आजचे अफाट ग्रंथालय आहे, आणि त्याची सूची राखणाऱ्या यंत्रणेस शोधयंत्र असे म्हणतात.

शोधयंत्रांचा इतिहास फार जुना नाही. १९९० साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एम्टेज या विद्यार्थ्याने ‘आर्ची’ नावाचे शोधयंत्र रचले. त्याला केवळ फायलींची नावे तेवढी शोधता येत. पुढे १९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॅरी पेज व सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी निराळा विचार मांडला. ज्या पानाकडे इतर पाने दुव्यांच्या रूपाने बोट दाखवतात, ते पान महत्त्वाचे. आणि बोट दाखवणारे पान स्वतः प्रतिष्ठित असेल, तर त्याच्या साक्षीला अधिक वजन. गावात चांगल्या वैद्याची कीर्ती अशीच पसरते. तो स्वतःविषयी काय सांगतो, यापेक्षा जाणती माणसे त्याच्याविषयी काय सांगतात, याला मोल असते.

सर्वसाधारण शोधयंत्रांबरोबर विशिष्ट विषयांना वाहिलेली शोधयंत्रेही निर्माण झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९७ साली ‘पबमेड’ हे शोधयंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. वैद्यकविषयक लेखांच्या साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आज त्यात आहेत. कोणी इंग्रजीत ‘हार्ट अटॅक’ असे साधे शब्द लिहिले, तरी हे यंत्र त्यांचा मेळ ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या शास्त्रीय संज्ञेशी घालते आणि त्या विषयावरील लेख समोर ठेवते. २००४ साली सुरू झालेले ‘गूगल स्कॉलर’ असेच विद्वानांच्या लेखनाचा शोध घेते.

अशी यंत्रे संकेतस्थळ चालवणाऱ्यांनाही शिस्त लावतात. लेखाचे नाव काय, लेखक कोण, तो केव्हा प्रसिद्ध झाला, हे पानावर स्पष्ट नोंदवलेले नसेल, तर यंत्राला त्या लेखाची नीट ओळख पटत नाही. मजकूर नुसत्या चित्राच्या रूपात असेल, तर त्यातील शब्द यंत्राला सहज वाचता येत नाहीत. मराठीतही हा अनुभव आला आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या टंकांत लिहिलेली कित्येक पाने पडद्यावर मराठी दिसत. यंत्राला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरांची गर्दी वाटे. असे दोष दूर करून आपले पान शोधकाला सापडेल असे करणे, यात गैर काहीच नाही. दुकानदाराने दारावर स्वच्छ पाटी लावावी, तसेच ते आहे.

परंतु पाटी एका मालाची आणि दुकानात माल दुसराच, असे झाले तर? एकच शब्द शंभर वेळा लिहिणे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे दडवणे, एकमेकांची खोटी शिफारस करणारी पाने उभारणे, अशा युक्त्या पुष्कळांनी केल्या. २००६ साली एका नामांकित जर्मन मोटार कारखान्याच्या संकेतस्थळाने यंत्रासाठी शब्दांनी ठासून भरलेली निराळी पाने ठेवली होती. हे उघडकीस येताच गूगलने ते संकेतस्थळ काही दिवस आपल्या सूचीतून काढून टाकले. मोटारींच्या बाबतीत अशा लबाडीने फार तर वेळ वाया जाईल. पण मुलाच्या तापावर उपाय शोधणाऱ्या मातेपुढे जर सर्वांत चतुर पान आले आणि सर्वांत सत्य पान मागे राहिले, तर हानी कोणाची?

यावर कोणी म्हणेल, ‘जो युक्ती करीत नाही, तो मागेच राहतो, मग प्रामाणिकपणाचा लाभ काय?’ हा आक्षेप अगदीच खोटा नाही. चांगली पानेही पुष्कळदा अंधारात राहतात. परंतु त्यावरील उपाय लबाडी हा नव्हे. शोधयंत्रांचे नियम सतत सुधारले जातात, आणि आजची युक्ती उद्या दोष ठरते. स्पष्ट शीर्षक, शुद्ध भाषा, खरी माहिती आणि लेखकाचे नाव यांचे मोल मात्र कमी होत नाही. विशिष्ट विषयांच्या शोधयंत्रांचे महत्त्व येथेच आहे. पबमेडमधील बहुसंख्य लेख ज्या नियतकालिकांतून येतात, ती तज्ज्ञांनी पारखून निवडलेली असतात. तेथे नुसत्या शब्दांच्या खळखळाटाने प्रवेश मिळत नाही.

तथापि, तज्ज्ञांची पारख वाचकाच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही. सूचीत जे पहिले, तेच खरे, असे मानणे म्हणजे रांगेत पुढे उभ्या असलेल्यालाच शहाणा समजणे होय. यंत्र केवळ वाट दाखवते. पारख मनुष्यानेच करावयाची असते. म्हणून लिहिणाऱ्याने यंत्राच्या मर्जीसाठी न लिहिता वाचकासाठी लिहावे, आणि वाचणाऱ्याने कोणी लिहिले, केव्हा लिहिले व कशाच्या आधारे लिहिले, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून विश्वास ठेवू नये. ज्ञानाचे हे अफाट ग्रंथालय या दोघांच्या सचोटीवरच उभे राहील.