पेशंटचं टेबल, डॉक्टरचं टेबल... आणि सिस्टर?

मिनी प्रोजेक्टला विषय सुचत नसला की आपल्याकडे एक हुकमी एक्का असतो, ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम’! पेशंटचं टेबल, डॉक्टरचं टेबल, अपॉइंटमेंट, बिल... एकमेकांना जोडलं की व्हायवा पार. यात सिस्टर कुठे असतात? असल्याच तर स्टाफच्या टेबलात; नाव, शिफ्ट आणि पगार एवढ्यापुरत्या. त्या रात्रभर जे बघतात आणि लिहितात, त्यासाठी एक कॉलमसुद्धा नसतो. ही उणीव कॉलेजच्या प्रोजेक्टपुरती असती तर मी हा लेख लिहिला नसता.

मी मेढ्याची. शाळा साताऱ्याला कॉन्व्हेंटमध्ये झाली, त्यामुळे मराठी लिहिताना थोडी अडखळते, सांभाळून घ्या. माझी मावशी एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. ताप, नाडी, बीपी ती आधी टीपीआर चार्टवर लिहिते, मग तेच केसपेपरवर, तेच रिपोर्ट बुकात आणि आता तेच कॉम्प्युटरवर. ती म्हणते, “अगं, कॉम्प्युटर आला म्हणजे आमचं एक रजिस्टर वाढलं!” रात्री वॉर्डात दोन हात आणि पेशंट मात्र वीस. म्हणून एंट्री पहाटे, जरा निवांत झालं की एकदम होते. दोन वाजता घेतलेल्या बीपीवर कॉम्प्युटर पाच दहाची वेळ टाकतो. कागदावर खरी वेळ आणि स्क्रीनवर भलतीच!

तुम्ही म्हणाल, तीन तासांनी काय बिघडतं? बरंच बिघडतं. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये ‘न्यूज’ नावाची गुणपद्धती आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वासाची गती, रक्तातला ऑक्सिजन, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप या सहा गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. बाहेरून ऑक्सिजन लावला असेल तर आणखी दोन. बेरीज पाच झाली की डॉक्टरांना तातडीनं बोलवायचं, सात झाली की आणीबाणी समजायची. हे सहाही आकडे सिस्टरच घेतात. बेरीज करून घंटा वाजवणं हे कॉम्प्युटरला किती सोपं काम! पण आकडे पहाटे भरले जाणार असतील तर घंटाही पहाटेच वाजणार.

आमच्याकडे प्रश्न आणखी एक आहे. केळघरकडच्या गावातला पेशंट मेढ्याला येतो आणि तब्येत गंभीर असेल तर पुढे साताऱ्याला, क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात पाठवतात. बरोबर काय जातं? एक चिठ्ठी. ‘रात्रभर लघवी झाली नाही’, ‘पहाटेपासून बडबड करतोय’ हे ज्या सिस्टरनं पाहिलं, ती मागेच राहते. तिचं निरीक्षण तिच्या रिपोर्ट बुकात बंद.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. १४ अंकी आभा नंबर मिळतो आणि संमती दिली की आपली कागदपत्रं एका हॉस्पिटलातून दुसऱ्याला दिसू शकतात. छान योजना आहे. पण त्यात कागदपत्रांचे जे प्रकार ठरवले आहेत ते प्रिस्क्रिप्शन, तपासणी अहवाल, डिस्चार्ज समरी, लसीकरण असे. नर्सिंग नोट असा वेगळा प्रकार त्यात नाही. म्हणजे पुन्हा तेच, आपलं स्टाफचं टेबल!

काही जण म्हणतात, सिस्टरना टायपिंग जमत नाही, त्यांना ट्रेनिंग द्या. मला हे पटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळं तपासायला आणि नोंदी ठेवायला शिकवलं. त्या कामाचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून जास्त उतरलं होतं. नोंदीचा नमुना लिहिणाऱ्याला समजून केला की नोंद चांगलीच होते. तीन-चार वर्षं शिकलेल्या सिस्टरना मग काय अडचण? अडचण आपल्या फॉर्ममध्ये आहे.

मग काय करायला हवं? एक आकडा एकदाच लिहायचा, बाकी सगळी रजिस्टरं त्यातून आपोआप तयार व्हावीत. बीपी घेतल्याची वेळ वेगळी आणि एंट्रीची वेळ वेगळी, दोन्ही दिसाव्यात. उशीर झाला तर तो लपवायला लागू नये. टिकमार्कच्या चौकटींखाली चार ओळी मोकळ्या हव्यात, मराठीत लिहायला. आणि नेटवर्क नसतानाही हे चाललं पाहिजे. जुलै २०२१ च्या पावसात जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे दरडी कोसळल्या, रस्ते तुटले. सर्व्हर साताऱ्यात किंवा मुंबईत, आणि पेशंट इथे!

कॉम्प्युटरमुळे सिस्टर पेशंटऐवजी स्क्रीनकडेच बघत बसतील, अशी भीतीही काहींना वाटते. भीती खरी आहे. म्हणूनच माझ्या मते सॉफ्टवेअरची एकच परीक्षा असावी: ते आल्यावर सिस्टरचं लिहिणं कमी झालं का? वाढलं असेल तर ते नापास, मग डॅशबोर्ड कितीही रंगीत असो.

तेव्हा यंदा कोणी ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’ घेणार असेल तर एक विनंती. ईआर डायग्राम काढायच्या आधी परवानगी घेऊन एका सिस्टरबरोबर एक नाइट ड्यूटी बसून बघा. ती किती वेळा तेच लिहिते ते मोजा. आणि मग टेबलं काढायला घ्या, पहिलं तिच्या नोंदीचं.