मालक बदलला, पेशंटला कोण सांगणार?

दवाखान्याचा मालक बदलला की ते आधी मला कळतं. मी मॅसॅच्युसेट्समध्ये, वेस्टफर्डला राहते आणि डॉक्टरांची बिलं विमा कंपन्यांकडे पाठवायचं काम करते. पाटी तीच, डॉक्टर तेच, काउंटरवरची बाईही तीच. बिलावरचा टॅक्स आयडी तेवढा नवा. मग नव्या मालकाशी विमा कंपनीचा करार नसला, तर एखाद्या आजींचं बिल 'नेटवर्कबाहेरचं' म्हणून परत येतं आणि त्यांचा मुलगा फोनवर तावातावाने विचारतो, "अहो, डॉक्टर तर तेच आहेत ना?"

आमच्या राज्यात यासाठी 2012चा कायदा आहे. अडीच कोटी डॉलर किंवा जास्त वार्षिक उत्पन्नाच्या रुग्णसेवा संस्थेला विलीन व्हायचं असेल, विकलं जायचं असेल, गिऱ्हाईक विमा कंपनी असली तरी, 60 दिवस आधी राज्याच्या हेल्थ पॉलिसी कमिशनला कळवावं लागतं. बेथ इस्रायल आणि लेही या रुग्णालय समूहांनी एकत्र यायचं ठरवलं, तेव्हा खर्च वर्षाला 12.8 ते 17.1 कोटी डॉलरनी वाढू शकतो, असा हिशेब कमिशनने मांडला. त्यानंतर राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी 7 वर्षं दरवाढीवर मर्यादा घातली. आगाऊ सूचनेचा उपयोग होतो तो असा.

स्टुअर्ड हेल्थ केअरच्या बाबतीत मात्र कायदा तोकडा पडला. 2010मध्ये सर्बेरस या गुंतवणूक कंपनीने इथली कॅथलिक रुग्णालयं घेऊन स्टुअर्ड उभी केली. 2016मध्ये स्टुअर्डने रुग्णालयांच्या जमिनी-इमारती विकल्या आणि त्याच जागेत भाडेकरू म्हणून राहिली. लेखापरीक्षण झालेले हिशेब राज्याला द्यायला ती वर्षानुवर्षं नकार देत होती. त्याचा दंड आठवड्याला 1,000 डॉलर. एवढ्यात वकिलाचे दोन तासही भागत नाहीत!

मे 2024मध्ये स्टुअर्डची दिवाळखोरी जाहीर झाली. रुग्णालय बंद करण्याआधी 120 दिवसांची सूचना द्यावी, असा राज्याचा नियम. पण 26 जुलैला स्टुअर्डने दोन रुग्णालयं बंद करण्याची घोषणा केली आणि 31 ऑगस्टला बोस्टनमधलं कार्नी आणि आमच्या जवळच्या एअर गावातलं नाशोबा व्हॅली, दोन्हींना कुलूप लागलं. त्या भागातली रुग्णवाहिका आता काँकर्ड, लेमिन्स्टर नाहीतर लोवेल गाठते.

जानेवारी 2025मध्ये गव्हर्नर मोरा हीली यांनी नव्या कायद्यावर सही केली. खासगी गुंतवणूकदार आणि रुग्णालयांचे जागामालकही आता तपासणीच्या कक्षेत आले. हिशेब दडवण्याचा दंड आठवड्याला 25,000 डॉलरपर्यंत गेला. उशिरा का होईना, झालं ते योग्यच. माझी तक्रार वेगळी आहे. सूचना जाते कमिशनकडे आणि त्याच्या संकेतस्थळावर पडून राहते. तिथे कोणत्या आजी जाणार? त्याच 60 दिवसांत प्रत्येक पेशंटच्या घरी साध्या भाषेतलं पत्र गेलं पाहिजे: नवा मालक कोण, कोणता विमा चालेल, कोणता नाही.

पुण्याचं चित्र फार वेगळं नाही. सह्याद्री हॉस्पिटल्स 2022मध्ये कॅनडातल्या ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने घेतली. 2025मध्ये मणिपालने ती विकत घेत असल्याचं जाहीर केलं. असे व्यवहार पेशंटला कळतात ते वर्तमानपत्रातून. पुणेकरांनी आपल्या आमदारांना लेखी विचारावं: रुग्णालय विकलं जाण्याआधी रुग्णांना कळवण्याचा नियम महाराष्ट्र कधी करणार?