नवीन रिलीज? आधी घरातली ट्रंक उघडा!

तर मंडळी, या वीकेंडचा विषय इलेक्ट्रॉनिक संगीत. लग्नातला डीजे नव्हे हो! संथ लयीचं, ज्याला डाउनटेम्पो म्हणतात ते, आणि त्याचा जरा विक्षिप्त भाऊ, म्हणजे प्रायोगिक. दर शुक्रवारी नव्या अल्बमांचा ढीग येऊन पडतो. कोड लिहिताना मागे लावायला झकास. सोमवारी विचाराल तर त्यातलं एक आठवत नाही.

माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलेली 'नवीन' रिलीजेस दोनच, आणि दोन्ही चक्क जुनी.

पहिलं, २०२३ चं 'द एनआयडी टेप्स'. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या मदतीनं मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई वगैरे मंडळींनी तिथे १९७२ पर्यंत केलेले प्रयोग टेपवर राहिले, आणि त्या टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकारानं त्या उकरून काढल्या.

दुसरं, मुंबईचे चरणजित सिंग. हिंदी सिनेमात वाजवणारा हा माणूस. १९८२ मध्ये रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ ही यंत्रं घेऊन त्यानं दहा राग डिस्को ठेक्यावर बसवले. (हे काही संथ नाही, पण प्रायोगिक नक्कीच!) शिकागोतला 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आला १९८७ ला, आणि त्यातही हीच ३०३. सिंग यांना इथे कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये एका डच लेबलनं तो अल्बम पुन्हा काढला, तेव्हा जग चाट पडलं. २०१५ मध्ये ते गेले. निदान कौतुक बघून गेले.

परदेशी लोकांनी शोधलं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. त्यांनी कपाट उघडलं, आपण नाही, एवढाच फरक. आपल्यातही कपाटं उघडणारे झालेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पण असे किती?

हे मला टोचतं, कारण मी किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपानं जुनं गाव संपवलं. माझा जन्म त्यानंतरचा, पुनर्वसनातला. जुनं गाव मी फोटोत पाहिलंय, ऐकलं मात्र कधीच नाही. तिथलं भजन, हलगी, बाजाराचा गलका कुणी कॅसेटवर भरला असेल, तर तो ढिगाऱ्यात गेला किंवा कुणाच्या ट्रंकेत कुजतोय.

म्हणून म्हणतो, घरी जाल तेव्हा ट्रंक उघडा. चालू टेपरेकॉर्डर, एक वायर, लॅपटॉप आणि फुकटातलं ऑडॅसिटी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एमपीथ्री नंतर करा. दोन ठिकाणी प्रती ठेवा. कोण गातंय, कुठे, कोणतं साल, हे आजीला विचारून लगेच लिहा. ९० मिनिटांच्या कॅसेटला दीड तास लागतो, म्हणजे दोन-तीन एपिसोड कमी बघायचे, बास.

"कोण ऐकणार राव हे?" असं म्हणाल, तर १९८२ मध्ये सिंग यांच्या अल्बमबद्दलही बहुतेकांना तसंच वाटलं असणार.

आणि पुण्या-मुंबईत लॅपटॉपवर बीट बनवणाऱ्या मित्रांनो, परदेशी सॅम्पल पॅक विकत घेण्याआधी हे आवाज ऐका. वापरायचे झाले तर घरच्यांना विचारून, गाणाऱ्या बाईचं नाव अल्बमवर छापून. असं काही काढलंत, तर पहिली प्रत मी विकत घेईन. शब्द माझा.