सण घरात येतो कुठून?

नारायण पेठेतील अनेक घरांत दर वर्षी डिसेंबरमध्ये एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो बहुधा बालवर्गात जाणाऱ्या मुलाकडून येतो. शाळेत कापसाची दाढी लावलेला सांताक्लॉज येऊन गेलेला असतो, मुलाच्या डोक्यावर लाल टोपी असते आणि दारातून आत येताच ते विचारते, "सांता आपल्याकडेपण येणार का?" आई-वडील एकमेकांकडे पाहतात. आजोबा वर्तमानपत्रातून डोके वर काढून "हे आपले नव्हे" एवढे सांगतात व पुन्हा वाचू लागतात. मग एखाद्या घरी त्याच संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावरून हातभर उंचीचे प्लास्टिकचे झाड येते. दुसऱ्या घरी मुलाला दटावून गप्प बसवले जाते. दोन्हीकडे प्रश्न मिटला असे मोठ्यांना वाटते. वास्तविक त्याला उत्तर कोणीच दिलेले नसते.

"आपले नव्हे" हे वाक्य पुण्याला नवे नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींवर केवढे ग्रामण्य झाले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. एका पेल्यावरून शहर दुभंगले होते. आज त्याच शहरात नाताळच्या आठवड्यात केकसाठी रांगा लागतात आणि त्यात पेठांतील मंडळी मोठ्या संख्येने असतात. तेव्हाचा सोवळेपणा गेला, हे चांगलेच झाले. परंतु तेव्हा निदान वाद तरी झाला. धर्मशास्त्र उघडले गेले, वृत्तपत्रांतून रकाने भरले. आता लाल टोपी घरात येते ती कोणताही विचार न होता, आणि नाकारली जाते तीही विचार न करताच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. श्रद्धावान ख्रिस्ती कुटुंबाचा नाताळ आणि पेठेतल्या दुकानात मिळणारा नाताळ या एक गोष्टी नव्हेत. पुण्यात ख्रिस्ती माणूस इंग्रजांच्या आधीपासून आहे. पेशव्यांच्या सैन्यात ख्रिस्ती अधिकारी व सैनिक होते, आणि त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, १७९२ साली, जागा देण्यात आली. नाना पेठेतील सिटी चर्च त्याच जागेवर उभे आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यावर तेथील ख्रिस्ती समाज तेथेच राहिला, शेती-बागायत करीत राहिला; त्याच समाजातून पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी चर्चमध्ये मराठी भजन आणि कीर्तन नेले. त्यांच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंच्या संसारावर काय ओढवले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही, आणि त्याविषयीची वेदना हिंदू समाजाने लपविण्याचे कारण नाही. तरीही खरे ते खरे. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळ येतो तो करंज्या-चकल्यांसह येतो. गोव्यात त्या करंजीला नेवरी म्हणतात. ती दोदोल, बेबिंका यांच्याबरोबर ताटात घालून हिंदू शेजाऱ्याकडे धाडली जाते, आणि चतुर्थीला शेजाऱ्याचे ताट परत येते. त्या घरांत हा सण म्हणजे उपासना आहे, मध्यरात्रीची प्रार्थना आहे, आईच्या हातचे पदार्थ आहेत. त्याविषयी हिंदू घरात आदरानेच बोलले गेले पाहिजे.

नारायण पेठेतील सदनिकेत येतो तो नाताळ हा नव्हे. त्यात प्रार्थना नाही, येशूचा जन्म नाही, गव्हाणीसुद्धा क्वचितच असते. असते ते झाड, त्यावर कापसाचा बर्फ, आणि भेटवस्तू देणारा म्हातारा. (ज्या मुलाने बर्फ केवळ गोळ्याच्या गाडीवर पाहिला, त्याने झाडावर कापूस पसरून त्याला बर्फ म्हणायचे, यातील गंमत मोठ्यांच्या लक्षात येऊ नये?) हे साहित्य आले कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे, कारण त्याचा धर्माशी जेवढा संबंध मानला जातो तेवढा नाही.

युरोपातील नाताळ कित्येक शतके प्रामुख्याने चर्चचा आणि रस्त्यावरचा सण होता. रस्त्यावर त्याचे रूप खाणे, पिणे आणि दंगा असेच असे. इंग्लंडच्या कर्मठ प्युरिटनांना तो इतका नकोसा झाला की १६४७ साली त्यांच्या संसदेने तो बंद केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. लहान मुलांभोवती फिरणारा कौटुंबिक नाताळ, जो आज सनातन भासतो, तो बव्हंशी एकोणिसाव्या शतकात घडविला गेला. १८४३ साली डिकन्सची 'ख्रिसमस कॅरोल' प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये नाताळचे पहिले छापील विक्रीचे भेटकार्ड निघाले. १८४८ साली राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट मुलांसह झाडाभोवती उभे आहेत असे चित्र एका सचित्र साप्ताहिकात छापून आले आणि जर्मनीतील झाडाची ही चाल इंग्लंडच्या मध्यमवर्गीय घराघरांत गेली. चौथ्या शतकातील मायराचे बिशप संत निकोलस, डच वसाहतवाल्यांच्या हातून अमेरिकेत येऊन, १८६३ नंतर टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराच्या रेषांतून गुबगुबीत झाले. आणि १९३१ पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी तेच रूप जगभर पोहोचविले.

तात्पर्य, कवी, चित्रकार, छापखानेवाले आणि व्यापारी यांनी मिळून, दोन-तीन पिढ्यांत, रस्त्यावरचा एक सण उचलून घरात आणला आणि मुलाच्या हाती दिला. व्यापाऱ्याचा हेतू व्यापाराचा होता, हे उघडच आहे. पण मुलाच्या हाती दिलेली गोष्ट टिकते, हे त्यांना नेमके कळले होते.

नेमक्या त्याच शतकाच्या अखेरीस पुण्यात याच्या उलट प्रवास झाला. १८९३-९४ च्या सुमारास गणपती देवघरातून चौकात आला. लोकमान्यांनी १८९४ साली विंचूरकर वाड्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला. १९०५ साली नारायण पेठेतील गायकवाड वाडा त्यांनी घेतला आणि उत्सवही तेथे आला. केसरीवाड्याचा तो गणपती आज मानाचा पाचवा. परकी सत्तेखाली निद्रिस्त समाजाला एकत्र आणण्यासाठी सण रस्त्यावर आणणे आवश्यक होते, आणि त्याचे फळ सर्व देशाने पाहिले. त्या काळी घराची चिंता कोणी केली नाही, कारण चिंता करण्याचे कारण नव्हते. वाड्यात तीन पिढ्या नांदत होत्या, देवघर होते, अंगण होते, विहीर होती. आपले घर कधी रिकामे होईल, असे कोणाला वाटले असते?

वाडे पडले. त्यांच्या जागी सदनिका आल्या आणि त्यांत तीन-चार माणसे राहू लागली. सण बंद पडले नाहीत. ते विकत मिळू लागले. दिवाळीचा फराळ तयार येतो, चतुर्थीचे मोदक सांगून आणवले जातात. दोन्ही पालक नोकरी करतात, तेव्हा यात दोष देण्यासारखे काही नाही. रात्री आठला घरी येणाऱ्या सुनेने अनारसे तळावेत ही अपेक्षा करणाऱ्यांनी आधी स्वतः सोऱ्या हातात धरून पाहावा. दोष आहे तो वेगळ्या ठिकाणी. जे मुलाने करायचे होते, तेही मोठ्यांनी विकत आणून त्याच्या हातातून काढून घेतले.

किल्ल्याचेच पाहावे. दिवाळीची सुट्टी लागली की पेठेतील मुले विटा, गोणपाट आणि माती गोळा करीत. तट उभारायचा, हळीव पेरायचे, चार दिवसांत ते हिरवेगार उगवले की मावळे मांडायचे. बुरूज ढासळायचा, पुन्हा लिंपायचा. चिखलाने माखलेल्या त्या मुलाला प्रतापगडाची माची कोणी शिकवावी लागत नसे. आता साच्यातून काढलेला, रंगवलेला तयार किल्ला बाजारात मिळतो. तो जिन्याखाली ठेवायचा आणि छायाचित्र काढायचे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने महाराजांच्या इतिहासाशी निगडित बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले तेव्हा सर्वत्र अभिमान व्यक्त झाला. तो योग्यच होता. त्याच वर्षी दिवाळीत आपल्या इमारतीत मातीचे किल्ले किती झाले, हे प्रत्येकाने मोजून पाहिले असते तर बरे झाले असते.

बोरन्हाणाचीही तीच कथा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हातरी लहानग्याला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचे आणि डोक्यावरून बोरे, हरभरे, उसाचे करवे, चुरमुरे ओतायचे. शेजारची मुले ते लुटतात. यापेक्षा मुलांचा म्हणावा असा विधी शोधून सापडणार नाही. आता त्यात चॉकलेटे आणि गोळ्या आल्या असून काही ठिकाणी बोरन्हाणातून बोरेच गेली आहेत. भोंडल्यात पाटावर हत्ती काढून मुली फेर धरीत, शेवटी खिरापत ओळखायची असे. खिरापत काय ती बाहेरच्यांना कळू नये म्हणून आई डबा हलवूही देत नसे. हे लपवणे, ओळखणे आणि मिळणे म्हणजेच सांताच्या मोज्यातील भेटीचे सुख. ते मुलाला परक्या घरी का शोधावे लागते, याचे उत्तर शाळेत नाही.

आणि हे सगळे डिसेंबरात घडते, जेव्हा पंचांग मुळीच मोकळे नसते. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडगे होतात, मार्गशीर्षातले गुरुवार असतात, दत्तजयंती असते. २०२३ साली ती नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला आली होती. दत्ताला पाळण्यात घालून जन्म होतो तेव्हा त्या पाळण्याची दोरी घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाती किती घरांत दिली जाते?

या परिस्थितीवर काही मंडळींनी दोन उपाय काढले आहेत. पहिला, तारखेला तारीख भिडविण्याचा. गेल्या दशकभरात २५ डिसेंबरला तुळशीपूजन दिन पाळण्याचे आवाहन होते. हेतू चांगला आहे. परंतु तुळशीचे लग्न कार्तिकात लागते आणि तिच्यापुढे दिवा रोज संध्याकाळी लागतो. तिला वर्षातून एक दिवस नेमून द्यायचा, आणि तोही दुसऱ्याच्या सणाकडे पाहून, यात तिचा मान वाढत नाही. मूल चाणाक्ष असते. एरवी बाल्कनीत वाळून गेलेली तुळस त्या दिवशीच का आठवली, हे त्याला समजते. दुसरा उपाय परिपत्रकाचा. मध्य प्रदेशातील शाजापूर जिल्ह्यात २०२३ साली मुलांना सांताक्लॉज करण्याआधी पालकांची लेखी अनुमती घ्यावी, असा आदेश निघाला. पालकांना विचारणे रास्तच आहे. शाळेने मुलाला कोणत्याही धर्माच्या वेषात उभे करण्यापूर्वी घराचे मत घ्यावे. मात्र नकाराच्या कागदावर सही केलेला बाप त्या संध्याकाळी मुलाबरोबर काय करतो, ते कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते.

घराचे हे मोल प्रतिपक्षाने फार पूर्वी ओळखले होते. गोव्यात इन्क्विझिशनने १७३६ साली जो आदेश काढला, तो मंदिरांविषयीचा नव्हता. मंदिरे त्याआधीच पाडून झाली होती. त्यात निषिद्ध ठरल्या त्या धर्मांतरितांच्या घरातल्या गोष्टी: लग्नातली हळद, वाजंत्री, विडा-फुले, नेसायची वस्त्रे, दारातली तुळस. देऊळ पाडले तरी माणूस आजीच्या हातच्या हळदीतून पुन्हा मूळ पदावर येतो, हे त्या सत्तेला कळत होते. आणि एवढे करूनही काय झाले? गोव्यातील ख्रिस्ती लग्नात वधूवरांना नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याची चाल आजही आहे. धर्म बदलला, अडीच-तीनशे वर्षे गेली, पण जे बायकामुलांच्या हातात होते ते पुसले गेले नाही.

मग त्या बालवर्गातल्या मुलाला सांगायचे काय? खरे ते सांगावे. नाताळ हा येशूच्या जन्माचा सण आहे, तो अमक्या काकांच्या घरी असतो, आपण त्यांच्याकडे फराळाला जाऊ. सांता ही एक गोष्ट आहे, मोठी माणसे तिचा वेष करतात. टोपी शाळेतून आणलीस तर ठेव; ती फेकून देण्याने काही साधत नाही आणि तिच्यासाठी झाड आणण्याचेही कारण नाही. कार्यकर्त्यांनी विशेषतः हे ध्यानात घ्यावे, कारण सणांवर बोलण्यासाठी रविवारी बैठकीला जाणाऱ्याचेच मूल घरी एकटे किल्ला करीत असते, असे अनेकदा घडते.

नाताळनंतर तीन आठवड्यांत संक्रांत येते. पंचविसाव्या डिसेंबरला सुट्टीच असते. त्या दिवशी मुलाला बरोबर घेऊन त्याच्या धाकट्या भावंडाच्या, किंवा शेजारच्या लहानग्याच्या, बोरन्हाणाचा दिवस ठरवावा आणि कोणाला बोलवायचे ती नावे त्यालाच सांगू द्यावीत. हलव्याच्या दागिन्यांसाठी दोरा-सुई काढावी. तो मुकुट वाकडा होईल, काही दाणे पोटात जातील. बोरे आणायला त्याला मंडईत न्यावे आणि पिशवी त्याच्याच हाती द्यावी.