बेवारशी औषधांचा वाली कोण?

दिवाळी अंकात रोगाबिगाचा विषय कशाला, असे वाचक म्हणतील. चकलीचा तुकडा मोडता मोडता मज्जारज्जूच्या गोष्टी कोणी ऐकाव्या! पण भांडायचे तर चार माणसे एकत्र बसलेली असतानाच भांडावे, आणि मला भांडायचे आहे.

'मोटर न्यूरॉन' नावाची एक व्याधी आहे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जापेशी तीत एकामागून एक मरत जातात. आधी सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. मग पाऊल अडखळते, जीभ जड होते, घास गिळवत नाही, आणि अखेर श्वासाचे स्नायूही संप पुकारतात. बुद्धी मात्र बहुधा शाबूत असते. शार्को ह्या फ्रेंच वैद्याने १८६९ साली ह्या रोगाचे वर्णन केले. रिलुझोल हे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले ते १९९५ साली! त्याने आयुष्य वाढते ते सरासरी दोन-तीन महिन्यांनी. स्टीफन हॉकिंग रोग जडल्यावर पंचावन्न वर्षे जगले हे सर्वांना ठाऊक असते. बहुतेक रोगी दोन ते पाच वर्षांत जातात, हे कोणी सांगत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ म्हणाले, दुसऱ्या रोगांवरची जी औषधे आधीच दुकानात आहेत, त्यांतले एखादे इथे लागू पडते का पाहू. विचार शहाणपणाचा आहे. अशा औषधाचे गुणदोष बरेचसे ठाऊक असतात; निम्मी वाट चालून झालेली असते.

ह्यावर पुष्कळ दयाळू माणसे मला विचारतात, "मग चाचण्यांचा घोळ कशाला? मरणाऱ्याला देऊन टाका की! बिघडायचे काय उरले आहे?" बिघडते, महाराज! मिनोसायक्लिन हे मुरुमांवरही दिले जाणारे साधे औषध. उंदरांत त्याने गुण दाखवला. मग ४१२ रोग्यांवर रीतसर चाचणी झाली, आणि २००७ साली निकाल आला: औषध घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक वेगाने खालावले. २००८ साली इटलीत सोळा रोग्यांना लिथियम देऊन गुण आल्याचे जाहीर झाले. देशोदेशींचे रोगी आपल्या मनाने लिथियम घेऊ लागले. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या, उपयोग शून्य. म्हणजे चाचणी ही चैन नव्हे. ती नसेल तर आपण औषध देत नाही, चिठ्ठी टाकतो.

पण चाचणीला पैसा लागतो, आणि तो देणार कोण? माझे खरे भांडण इथे आहे. ज्याचे हक्क संपले, जे कोणीही कारखानदार चार पैशांत बनवू शकतो, त्या औषधावर कोट्यवधी उधळायला व्यापारी का धजेल? मी व्यापाऱ्याला दोष देत नाही. तो धर्मशाळा चालवत नाही. पण मालक असला म्हणजे काय होते तेही पाहा. इडारावोन हे जपानमधले अर्धांगाच्या झटक्यावरचे औषध, तिथे २००१ पासून वापरात असलेले. २०१७ साली अमेरिकेत ते ह्या रोगासाठी मंजूर झाले, आणि किंमत लागली वर्षाला सुमारे १,४५,००० डॉलर!

त्याच जपानात दुसरी गोष्ट घडली. मेथिलकोबालामिन, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतो तोच. कंपनीच्या पहिल्या चाचणीत एकंदर गुण दिसला नाही. निदान लवकर झालेल्यांत तेवढा दिसल्यासारखा वाटला. कंपनीने परवान्याचा अर्ज २०१६ साली मागे घेतला. पण तोकुशिमा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सरकारी पैशावर, लवकर निदान झालेल्या १३० रोग्यांवर पुन्हा चाचणी केली. सोळा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांची घसरण सुमारे ४३ टक्क्यांनी मंद राहिली. हा निकाल २०२२ चा. सप्टेंबर २०२४ मध्ये जपानने औषधाला मान्यता दिली. रोग बरा होत नाही, सावकाश होतो. ज्याला नातवाचे नाव आणखी काही महिने तोंडाने घेता येईल, त्याला विचारा हे थोडे की पुष्कळ.

(हे वाचून कोणी घरातली गोळी उचलू नये. ती मात्रा ५० मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा, स्नायूत टोचून. आपली गोळी साधारण दीड मिलिग्रॅमची.)

"हे जपानने करावे, आपल्याला कुठले परवडणार?" असे म्हणणाऱ्यांना मी मद्रासची आठवण देतो. १९५६ साली तिथे भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद ह्यांनी मिळून क्षयाच्या स्वस्त गोळ्यांची चाचणी मांडली. काही रोगी सॅनेटोरियमच्या खाटेवर, काही आपापल्या गरीब घरांत. १९५९ साली निकाल लागला: घरीही रोगी जवळजवळ तितकेच बरे होतात. साऱ्या जगाने क्षयरोग्याला घरी ठेवायला सुरुवात केली ती त्यानंतर. ते आपल्या मातीत, लोकांच्या पैशाने झाले. मग आज का होऊ नये? रिलुझोलच्या गोळ्या आपलेच कारखाने बनवतात, निष्णात डॉक्टर आहेत, रोगी तर दुर्दैवाने आहेतच. संशोधन परिषदेने दोन-तीन जुनी औषधे निवडावी आणि सरकारी तिजोरीतून त्यांचा निकाल एकदा लावून टाकावा. निकाल 'नाही' असा लागला तरी पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. निदान गरीब घरे खोट्या आशेपायी दागिने तरी मोडणार नाहीत.

खर्चाचा आकडा कोणी मांडला तर मी तो जरूर वाचीन. पण "इतक्या थोड्या रोग्यांसाठी कशाला?" असे ज्याला म्हणायचे असेल, त्याने ते रोग्याच्या खाटेशी जाऊन म्हणावे. त्याला उत्तर देता येणार नाही; ऐकू मात्र सगळे येते.